ट्रॅक्टरमागचे पाते आणि झाडीपट्टीची जमीन

यंदाच्या अंकासाठी ‘शेतातील लोखंड’ हा विषय संपादकांनी मुक्रर केला, तेव्हा धानकापणीचे मोठाले हार्वेस्टर किंवा अलीकडे क्वचित कोठे दिसू लागलेले रोवणीयंत्र यांपैकी एखाद्यावर लिहावे, असे कोणासही सहज वाटले असते. परंतु वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, उन्हाळ्याच्या अखेरीस जो हिंडला असेल, त्याच्या ध्यानात एक निराळीच गोष्ट येते. या मुलखात पिकापूर्वी जमिनीची पातळी घडवावी लागते, आणि ते काम आज ज्या अवजारावर येऊन पडले आहे ते म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अडकवलेले, किंचित वाकवलेल्या जाड पत्र्याचे, खाली पोलादी धार असलेले एक साधे पाते होय. दुकानात त्याला टेरेस ब्लेड किंवा लेव्हलर म्हणतात. गावात नुसते ब्लेड म्हटले तरी पुरते. त्यात फिरणारा भाग नाही, इंजिनाशी त्याचा थेट संबंध नाही, आणि म्हणूनच त्याची निवड ही किरकोळ बाब समजून ज्याच्याकडे स्वस्त मिळेल त्याच्याकडून ते उचलण्याची रीत पडली आहे. या रीतीपायी पैसा तर जातोच, पण त्याहून मोलाची माती जाते, अशी चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील शेते पाहिल्यानंतर माझी खात्री झाली आहे.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूल लागते. तेथे रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या कारखान्यासमोर निरनिराळ्या मापांची ब्लेडे भिंतीला टेकून उभी होती. काहींवर कंपनीचा रंग चढलेला, काही तेथेच जुन्या जाड पत्र्यातून घडवलेली आणि अद्याप गंजाच्या तांबूस छटेत असलेली. सावली तालुक्यातील एक वयस्क कास्तकार आपल्या पुतण्यासह आले होते, आणि पुतण्या आपला ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा व किती अश्वशक्तीचा हे मोठ्या उत्साहाने सांगू लागला असता मिस्त्रीने हातातील चिमटा खाली ठेवून त्याला थांबविले. “ट्रॅक्टर मंग सांगा, काकाजी,” तो पुतण्याला वगळून थेट वडीलधाऱ्यांशी बोलू लागला, “आधी जमीन कोनती, ते सांगा. बांधी हाय, का पांदण, का जबरानजोतीतला तुकडा?” या एका प्रश्नात निवडीचे अर्धेअधिक शास्त्र सामावलेले आहे. पुढे जे काही मी पाहिले व समजून घेतले, ते याच प्रश्नाच्या अनुषंगाने लिहीत आहे.

पाण्याची साक्ष

चंद्रपूर जिल्हा एकजिनसी नाही. पश्चिमेकडील वरोरा, राजुरा, कोरपना या भागांत काळी, भेगाळणारी, कापसाची जमीन आहे. तेथे पाणी साचू न देणे हीच शेतकऱ्याची मुख्य चिंता असते. पूर्वेकडे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा, कुरखेडा, गडचिरोली असा जो धानाचा प्रदेश पसरला आहे, तेथे चिंता नेमकी उलट, म्हणजे पडलेले पाणी शेतात थांबवून धरण्याची आहे. वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला तरी तो मोजक्या महिन्यांत कोसळून जातो. त्याला अडविण्यासाठी उताराच्या जमिनीचे लहान लहान सपाट तुकडे पाडून प्रत्येकाभोवती मातीचा धुरा घातलेला असतो. हा तुकडा म्हणजे बांधी. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरते, आणि सर्वांच्या माथ्यावर एखादी बोडी किंवा तलाव असतो. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास जमिनीच्या सनदा दिल्याचे सांगितले जाते. कोहळी समाजाने हे तलाव बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. आणि जमीनदारी रद्द करणाऱ्या १९५०च्या कायद्याने मालगुजार गेले तरी त्यांच्या नावाचे मालगुजारी तलाव अद्याप धानाला पाणी देत आहेत. या साऱ्या रचनेचा आधार पातळी हाच आहे. कोणतेही यंत्र हाती नसताना ज्यांनी केवळ वाहत्या पाण्याकडे पाहून मैलभर लांबीच्या पाळी घातल्या, त्यांच्या दृष्टीची अचूकता आजही थक्क करणारी आहे.

रोवणीच्या वेळी बांधीत दोन ते पाच सेंटिमीटर पाणी असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. आता बांधीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा केवळ दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, उंच असेल तर काय होते, हे पाहावे. उंच कोपऱ्यावर पाणी चढावे म्हणून भरत राहिले, तर खालच्या कोपऱ्यातील कोवळी रोपे गळ्यापर्यंत बुडून कुजतात; खालच्या कोपऱ्याच्या मानाने भरले, तर वरचा कोपरा कोरडा राहून तेथे धानाऐवजी तण माजते, आणि दिलेले खत पहिल्याच मोठ्या पावसात धुपून खाली उतरते. एकाच बांधीत दोन प्रकारचे पीक उभे राहते व निंदणीची मजुरी वाढते.

म्हणून ब्लेड घेण्यापूर्वी करावयाची पहिली गोष्ट लोखंडाशी संबंधित नाहीच. पाऊस पडून बांधी भरली असता धुऱ्यावर उभे राहून पाण्यातून वर डोकावणारी मातीची बेटे कोठे आहेत ते पाहावे आणि तेथे काड्या रोवून ठेवाव्या. सिंदेवाहीजवळच्या एका शेतात अशा काड्या दिवाळीपर्यंत तशाच उभ्या ठेवलेल्या मी पाहिल्या. धान कापून झाल्यावर त्याच खुणांवर ट्रॅक्टर घालावयाचा होता. ज्यांना अधिक नेमकेपणा हवा, ते गवंड्याकडील पाण्याची पारदर्शक नळी आणून दोन टोकांची उंची ताडून पाहतात. ही पाहणी झाली की प्रश्न स्वच्छ होतो: फरक तीन-चार बोटांचा असेल तर ब्लेडाचे काम आहे; बोट-दोन बोटांचा असेल तर ब्लेडाची मुळी गरजच नाही, कारण चिखलणीच्या वेळी लोखंडी चाकांमागे ओढलेली लाकडी फळी तेवढा फरक सहज पुसून टाकते; आणि फरक फुटाचा असेल तर ते काम ब्लेडाच्या आवाक्याबाहेरचे असून बांधीचे दोन तुकडे करून मध्ये नवा धुरा घालणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

आवाक्याबाहेरचे, असे मी म्हणतो, ते हिशेबाने म्हणतो. एक एकराच्या अर्ध्या भागातून सरासरी पाच सेंटिमीटर माती काढून उरलेल्या अर्ध्यात पसरावयाची, तर सुमारे शंभर घनमीटर माती हलवावी लागते. या भागातील ट्रॉलीच्या भाषेत ती पस्तीस ब्रास होते. सात फुटी ब्लेडासमोर मातीचा जो ढीग साचतो तो फार तर आठ-नऊ घनफूट असतो, आणि एका ब्रासात शंभर घनफूट. म्हणजे एकरामागे चारशेच्या आसपास फेऱ्या झाल्या. माती सुटली की फुगते, तेव्हा प्रत्यक्षात याहून अधिकच. माती दहावीस पावले सरकविण्यास ब्लेडासारखे साधन नाही; शेताच्या या टोकापासून त्या टोकाला नेण्यास ते अगदी अपुरे आहे. सुदैवाने आपल्या पुष्कळ बांध्या एकराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या असतात, आणि ही लहान मापेच ब्लेडाला येथे उपयुक्त ठरवितात. लेझर किरणांनी पातळी साधणारे यंत्र उत्तरेकडील विस्तीर्ण शेतांत फार गुणकारी ठरले आहे. परंतु दर वीस पावलांवर धुरा आडवा येणाऱ्या आमच्या झाडीपट्टीत त्याला वळावयासही जागा नाही.

वजन

मिस्त्रीने त्या काकाजींना दोन ब्लेडे दाखविली. लांबी दोहोंची सारखीच, सात फूट. एकाचे टोक पुतण्याने एका हाताने उचलून पाहिले. दुसरे त्याला दोन्ही हातांनी हलविता येईना. पहिले बरेच स्वस्त होते, आणि पुतण्याचा ओढा साहजिकच तिकडे होता.

येथे ट्रॅक्टरच्या रचनेतील एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मागील अवजार उचलणारी लिफ्ट फक्त उचलते. खाली दाबण्याची शक्ती तिच्यात नसते. दांडा खाली केला की अवजार स्वतःच्या भाराने खाली येते आणि जमिनीत शिरते. नांगराच्या फाळाची रचनाच अशी असते की, पुढे ओढताच तो आपोआप खाली ओढला जातो. ब्लेडाचे तसे नाही. त्याची सहा-सात फूट लांबीची धार संपूर्णपणे जमिनीवर टेकलेली असते, आणि कडक जमिनीत शिरावयाचे तर त्याच्या जवळ स्वतःच्या वजनाखेरीज दुसरे बळ नसते. शे-सव्वाशे किलोचे हलके ब्लेड मे महिन्यात वाळून दगड झालेल्या बर्डी किंवा मुरमाड खर्डी जमिनीवर घातले, तर ते नुसते घसरत जाते. मग चालक धारेला अधिक तिरके करतो, तरी ते शिरत नाही; मग त्यावर दगड बांधले जातात; आणि शेवटी एखादा पोरगा त्यावर उभा केला जातो, ज्याचा पाय एका हिसक्यासरशी पात्याखाली जाऊ शकतो. हे दृश्य मी पाहिले आहे आणि ते पाहताना अंगावर काटा आला. ब्लेडावर माणूस कधीही उभा करू नये. वजन लागत असेल तर ते विकत घ्यावे.

मात्र वजन म्हणजे सर्वत्र गुण, असेही नाही. या भागातील शेतकरी जमिनीची कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बर्डी अशी प्रतवारी करतात, आणि जुन्या जमाबंदीच्या दफ्तरांतही हीच नावे आढळतात. धानाची खरी जमीन म्हणजे पिवळसर, रेताड सिहार. ती ओल असताना पात्याला सहज वाट देते आणि वाळली की घट्ट बसते. अशा जमिनीत ओल पाहून काम करणाऱ्यास मध्यम वजनाचे ब्लेड पुरते. कन्हार किंवा पश्चिमेकडील काळी जमीन ओली असेल तर पात्याच्या वाकाला चिकटून बसते व पुढील फेरीत गोळ्यांनी पडते. तेथे वजनापेक्षा पात्याचा वाक खोल व पृष्ठभाग गुळगुळीत असण्याला महत्त्व येते. सव्वादोनशे ते तीनशे किलोंचे भारी ब्लेड ज्याला मुरूम, पांदण किंवा उन्हाळी बर्डी कापावयाची आहे त्याने घ्यावे. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट ते सहज उचलते, मात्र उचललेल्या अवस्थेत पुढची चाके हलकी पडून सुकाणू सैल वाटते, तेव्हा पुढे वजने जोडलेली असावीत.

काकाजींनी पुष्कळ वेळ काही न बोलता दोन्ही पात्यांवर पाय ठेवून पाहिले आणि मग एवढेच विचारले, “पट्टी बोल्टाची, का वेल्डिंगची?” अनुभवी माणसाचा प्रश्न होता. खालची धार झिजणारच. ती वेल्डिंगने कायमची बसविलेली असेल तर झिजल्यावर सारे ब्लेड कारखान्यात न्यावे लागते, आणि बोल्टांनी बसविलेली असेल तर शेतातच पान्याने काढून उलटी करता येते, कारण चांगल्या पट्टीला दोन्ही कडांना धार असते. पट्टीचे पोलाद साध्या पत्र्याहून कठीण असावे व बोल्टांची डोकी पट्टीत बुडालेली असावीत. वर राहिलेले डोके पहिल्याच मोसमात घासून जाते आणि मग पाना धरावयास काही उरत नाही.

रुंदी आणि कोन

रुंदीचा नियम साधा आहे, आणि तोच सर्वांत अधिक मोडला जातो. ब्लेड सरळ असो की तिरके, त्याने मागील दोन्ही चाकांचा माग पुसला पाहिजे. मध्यम ट्रॅक्टरच्या मागील चाकांची बाहेरून बाहेर रुंदी साडेपाच ते सहा फूट भरते, आणि म्हणून सहा फुटी ब्लेड पुरेल असे खरेदी करणाऱ्यास वाटते. सरळ असताना ते पुरतेही. परंतु ब्लेडाचे खरे सामर्थ्य ते तिरके करण्यात आहे; तिरके केले की माती समोर न साचता पात्यावरून एका बाजूला वाहत जाते, आणि धुऱ्याच्या कडेची किंवा रस्त्याच्या बाजूची माती मध्ये आणता येते. तीस अंश वळविताच सहा फुटी पात्याची उपयोगी रुंदी पाच फूट दोन-तीन इंच उरते, पंचेचाळीस अंशांवर ती सव्वाचार फुटांवर येते, आणि एक चाक नुकत्याच सारख्या केलेल्या मातीवरून खोल ओळ उमटवीत जाते. सात फुटी पाते तीस अंशांवरही सहा फूट पुसते. म्हणून चाळीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सात फूट हे माप मला सर्वांत योग्य वाटते. वीस-बावीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरची चाकेच जवळ असतात, त्याला साडेचार-पाच फूट पुष्कळ झाले. आठ फुटी ब्लेड पांदणीसाठी छान, परंतु बांधीच्या कोपऱ्यात ते वळत नाही.

कोनाखेरीज आणखी दोन हालचाली पाहून घ्याव्यात. एक म्हणजे पात्याचे एक टोक खाली व दुसरे वर करता येणे, ज्याच्या योगाने नाली काढता येते. साध्या ब्लेडात हे काम ट्रॅक्टरच्या उजव्या लिफ्ट रॉडचा दांडा फिरवून थोडेफार साधते. दुसरी म्हणजे पाते पूर्ण उलटे फिरविता येणे. हिचे मोल बांधीतच कळते. पुढे चालताना धुऱ्यालगतची पट्टी ट्रॅक्टरच्या लांबीमुळे अस्पर्शित राहते. पाते उलटे करून ट्रॅक्टर मागे रेटला की ते थेट धुऱ्याच्या पायथ्यापर्यंत माती लोटते. जो मधला खिळा या सर्व हालचालींचा भार सोसतो, त्याच्या भोकात खेळ आहे का हे हाताने हलवून पाहावे. नवीनच असताना जे पाते खडखडते, ते दुसऱ्या मोसमात कोन धरीत नाही.

जोडणीविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. हॅरी फर्ग्युसन यांनी सिद्ध केलेली तीन बिंदूंची जोडणी १९३९च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर जगभर रूढ झाली आणि आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर आहे; तिची मापे वर्गवारीने ठरलेली आहेत. पहिल्या वर्गाचा खालचा पिन बावीस मिलिमीटरचा, दुसऱ्याचा अठ्ठावीसचा. लहान पिन मोठ्या भोकात घालून चालविलेले ब्लेड हिसके खाऊन आधी पिन आणि मग भोक झिजविते, तेव्हा दुकानातून निघण्यापूर्वी पिन स्वतः घालून पाहावा.

लाटा का उठतात

नागभीड तालुक्यातील नांदेड हे गाव दादाजी खोब्रागडे यांच्यामुळे धानाच्या जगात ठाऊक झाले. एचएमटी हे वाण त्यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या ओंब्यांतून निवडून काढले. निरीक्षण हीच ज्यांची प्रयोगशाळा होती, अशा माणसाच्या तालुक्यात ब्लेड चालविण्याचे निरीक्षण करावे म्हणून मी तिकडे थांबलो. एक तरुण चालक लाखोळी निघाल्यावरची बांधी सारखी करीत होता. नव्याने ब्लेड घेतलेल्या बहुतेकांची जी तक्रार असते, की जितके फिरवावे तितक्या जमिनीत लाटा उठतात, तीच त्याची होती.

कारण ट्रॅक्टरच्या बांधणीत आहे. पुढची चाके उंचवट्यावर चढली की मागे लोंबणारे पाते खाली दबते आणि नको तेथे खोल कापते. मग मागची चाके त्याच उंचवट्यावर आली की पाते वर उचलले जाऊन कापावयाचे ते सोडून देते. अशा रीतीने जुना उंचवटा पुसला जाण्याऐवजी त्याच्याच शेजारी नवा जन्म घेतो. यावर उपाय आहेत. लिफ्टचा दांडा ‘ड्राफ्ट’वर न ठेवता ‘पोझिशन’वर ठेवावा, कारण ड्राफ्टवर भार वाढताच लिफ्ट पाते उचलू लागते; फेऱ्या एकाच दिशेने न घेता आडव्या व कर्णाच्या दिशेनेही घ्याव्यात; चेकचेन ताणून घ्याव्यात म्हणजे तिरके पाते डोलत नाही; आणि ज्याला हे काम भाड्याने पुष्कळ करावयाचे आहे, त्याने मागे दोन लहान चाके बसविता येतील असेच ब्लेड घ्यावे, कारण ती चाके पात्याची खोली ट्रॅक्टरच्या डोलण्यापासून मुक्त करतात.

त्या तरुणाच्या बाबतीत दोष टॉप लिंकमध्ये निघाला. वरची ही आखूड-लांब होणारी दांडी त्याने घेतल्या दिवसापासून हलविली नव्हती. ती लांब केली की ब्लेडाचा माथा मागे झुकतो, धार पुढे येते व माती खोल कापते. आखूड केली की माथा पुढे येतो, धार मागे राहते आणि पाते कापण्याऐवजी घासत व पसरीत जाते. शेजारच्या शेतातील एका जाणत्या ट्रॅक्टरवाल्याने धुऱ्यावरून उतरून येऊन, काही न बोलता, त्या दांडीला चार-पाच आटे दिले, आणि पुढच्याच फेरीत पात्यासमोर एकसारखी माती लोळू लागली. “कापाची येळ येगळी, पसरवाची येगळी, भाऊ,” एवढेच तो जाताना म्हणाला.

सूर्य कलण्यापूर्वी हे काम थांबले. ब्रह्मपुरीच्या वनविभागात वाघांचा वावर एवढा आहे की, जंगलालगतच्या बांधीत तिन्हीसांजेस उतरून पट्टीचे बोल्ट तपासणे कोणी पत्करीत नाही. बोल्टांची तपासणी म्हणूनच येथे सकाळी, काम सुरू करण्यापूर्वी होते.

खुंटांची जमीन

वैनगंगा ओलांडून धानोरा, कोरची, कुरखेड्याकडे गेले की मिस्त्रीच्या प्रश्नातील तिसऱ्या जमिनीची ओळख पटते. गडचिरोली हा १९८२ साली चंद्रपूरपासून निराळा झालेला जिल्हा. त्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, तरी कागदोपत्री वनाची म्हणून गणली गेलेली जमीन येथे जबरानजोत या नावाने ओळखली जाई. २००६च्या वनहक्क अधिनियमाने १३ डिसेंबर २००५ पूर्वी ताब्यात असलेली अशी जमीन, चार हेक्टरांच्या मर्यादेत, कसणाऱ्याच्या हक्काची मानली, आणि ज्यांच्या हाती पट्टे आले त्यांना प्रथमच त्या जमिनीवर मेहनत व पैसा गुंतविण्याचा धीर आला. हा धीर मला फार मोलाचा वाटतो. सपाटीकरण ही आपल्या मालकीच्या जमिनीवरच करावयाची गोष्ट आहे.

परंतु या जमिनीच्या पोटात खुंट आहेत. मोह, तेंदू, ऐन यांची मुळे वरून दिसत नाहीत, आणि सात फुटी पात्याचे एक टोक अशा मुळावर आदळले की साऱ्या हिसक्याचा भार मधल्या खिळ्यावर येतो. पाते पीळ खाते किंवा खिळ्याचे घर फाटते. येथे रुंद व पातळ पत्र्याचे ब्लेड म्हणजे पैसा पाण्यात. आखूड, जाड पत्र्याचे, पाठीमागे आडव्या पट्ट्यांनी मजबूत केलेले पाते हवे, आणि कोन धरून ठेवणाऱ्या जागी मुद्दाम कमी ताकदीचा एक बोल्ट हवा, जो धक्क्यासरशी तुटून बाकी सारे वाचवितो. दहा-वीस रुपयांचा बोल्ट तुटणे हे तेथे अवजाराचे शहाणपण होय. त्याहून शहाणपणाचे म्हणजे पहिल्या वर्षी ब्लेड न घालता नांगराने किंवा कल्टिव्हेटरने मुळे उघडी पाडणे. शेतात उभा असलेला मोह मात्र कोणी उपटत नाही, आणि उपटूही नये. पाते त्याला वळसा घालून जाते.

पांदण

रोवणीच्या दिवसांत चिखलात रुतलेली पऱ्ह्यांची ट्रॉली पाहिल्याखेरीज पांदणीचे महत्त्व कळत नाही. शेताकडे जाणाऱ्या या वाटांची नोंद विदर्भातील गावांच्या निस्तार पत्रकात व वाजिब-उल-अर्जात असते. २०२१ मध्ये त्यांचे रस्ते करण्यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. पण मुरूम एकदा पडला म्हणजे रस्ता झाला असे नव्हे. त्याला दरसाल ब्लेडाचा हात लागतो. पांदण सपाट करावयाची नसते, तिला पाठ द्यावयाची असते: दहा फूट रुंदीच्या वाटेत मध्य हा कडेपेक्षा सुमारे अडीच इंच उंच असावा, म्हणजे पाणी बाजूच्या नालीत उतरते. त्यासाठी पाते तिरके करून कडेचा मुरूम मध्ये ओढीत न्यावयाचा, आणि तो मृगाच्या एक-दोन सरींनी किंचित ओला झालेला असताना. कोरडा मुरूम धूळ होऊन उडतो. खड्डा नुसता भरून चालत नाही, त्याच्या तळापर्यंत कापून मग पसरावे लागते, अन्यथा तो पुन्हा त्याच जागी पडतो.

मुरूम कोठून आणावा, हा मामला मात्र जपून हाताळावा. तो गौण खनिज असून त्यावर महसूल खात्याचा अंमल चालतो, आणि वनहद्दीतील मुरमाला पाते लावले तर ट्रॅक्टर जप्त होऊ शकतो. पांदणच वनजमिनीतून न्यावयाची असेल, तर वनहक्क अधिनियमात ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन रस्त्यासारख्या सोयीसाठी देण्याची तजवीज आहे. तो मार्ग वेळखाऊ असला तरी राजमार्ग आहे.

वरची चार बोटे माती, आणि खरेदीचे कलम

एका बाबतीत मला कळकळीने सांगावयाचे आहे. भारी ब्लेड हाती आले की एका दिवसात बांधी आरशासारखी करण्याचा मोह होतो, आणि उंच भागातील वरची चार बोटे काळसर माती खळग्यात जाऊन पडते. त्या वर्षी खळग्यात धान कमरेएवढे येते व कापलेल्या भागात पिवळे, खुरटलेले राहते, कारण तेथे आता वर्षानुवर्षांच्या शेणखताची माती नसून खालचा निर्जीव थर उघडा पडलेला असतो. तो थर पुन्हा सुपीक व्हावयास कित्येक मोसम जातात. यासाठी आधी वरची माती पात्याने बाजूला ओळीत ओढून ठेवावी, मग खालचा थर सारखा करावा आणि शेवटी ती माती पुन्हा सर्वत्र पसरावी. आणि एवढी सवड नसेल तर दरसाल दोन बोटांहून अधिक कापू नये. काम दुप्पट होते हे खरे. पण ज्याने एकदा कापलेल्या पट्ट्यातील पीक पाहिले आहे, त्याला हे दुप्पट काम जड वाटत नाही.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्र ब्लेड विकत घेण्याचे प्रयोजन किती, असा प्रश्न उरतोच. वर्षातून चार-सहा दिवस लागणारे हे अवजार आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास चाळीस टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती, महिला व अल्पभूधारकांस पन्नास टक्के असे अनुदानाचे सामान्य प्रमाण आहे. पण अनुदान मान्य चाचणी झालेल्या अवजारासच मिळते, तेव्हा स्थानिक कारखान्यातील दणकट पाते व कंपनीचे अनुदानित पाते यांतील वजनाचा फरक मोजूनच निर्णय करावा. अनुदान वजा जाता स्वस्त पडलेले हलके ब्लेड आमच्या बर्डीवर घसरतच राहील.

सावलीच्या काकाजींनी त्या दिवशी भारी, सात फुटी, बोल्टाच्या पट्टीचे आणि मागे चाके बसविण्याची भोके असलेले ब्लेड ठरविले, आणि ते एकट्याने न घेता धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्यांच्या भागीत. इसार देण्यापूर्वी त्यांनी तेथेच फोनवरून शेजाऱ्यांशी बोलून शर्ती ठरविल्या. आधी माथ्याच्या बांध्या व्हाव्यात आणि मग खालच्या, म्हणजे वरून उतरणारे पाणी सर्वांना सारखे मिळेल; डिझेल ज्याचे त्याचे; काम झाले की खिळ्यात ग्रीस भरून ब्लेड लाकडी ओंडक्यांवर टेकवून ठेवावे; पट्टी झिजली तर नव्या पट्टीचा खर्च सर्वांचा, आणि खुंटावर आदळून पाते वाकले तर ज्याच्या शेतात वाकले त्याचा. या शेवटच्या कलमावर फोनवर बराच वेळ घासाघीस चालली, आणि अखेर असे ठरले की ज्याने खुंट आधी दाखवून दिला असेल, त्याच्यावर तो खर्च पडू नये.